मेन्शियस की शुन्झी? कन्फ्यूशियसनंतर कोणाला हाती घ्यावं

कन्फ्यूशियसची वचनं वाचून झाली, मनात भरली आणि आता पुढे काय वाचावं असा प्रश्न पडला, की प्राचीन चीनमधल्या दोन विचारवंतांची नावं समोर येतात: मेन्शियस आणि शुन्झी. दोघंही स्वतःला त्या एकाच गुरूचे वारस मानतात. माणुसकी, न्याय, रीत, सुजाण राजा यांपैकी कशावरच दोघांपैकी कोणी पाणी सोडायला तयार नाही. तरीही माणूस मुळात कसा असतो या एका प्रश्नावर त्यांची तोंडं दोन दिशांना आहेत, आणि तिथून पुढे शिक्षण, शोक, राज्यकारभार, सगळ्यावरच त्यांची मतं वेगळी होत जातात. मी बरीच वर्षं दोघांना आलटून पालटून वाचलं आणि शेवटी एकाकडे झुकलो. ज्याच्याकडे झुकलो नाही तोही मला प्रिय आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मेन्शियस म्हणतो माणसाचा स्वभाव चांगला, शुन्झी म्हणतो वाईट, हे तुम्हाला ठाऊक असणारच. माझी विनंती एवढीच, की या एका ओळीवर निवड करू नका. तेवढ्यावर निवड करणारा वाचक बहुतेक वेळा मेन्शियस घेतो, कारण चांगलं कोणाला नको असतं? पण दोघंही एका ठिकाणी येऊन मिळतात, हे विसरून चालत नाही. मेन्शियसच्या मते कोणीही माणूस याओ किंवा शुन यांच्यासारखा आदर्श सम्राट होऊ शकतो. शुन्झीच्या मते रस्त्यावरचा कुठलाही माणूस यू सम्राटासारखा होऊ शकतो. म्हणजे पोहोचायचं ठिकाण एकच आणि ते सर्वांना खुलं. वाद आहे तो वाटेत शिदोरी कुठून मिळते याचा. मेन्शियसची शिदोरी जन्मतःच सोबत असते. शुन्झीची शिदोरी गुरू, ग्रंथ आणि सवय यांच्याकडून मिळवावी लागते.

वाचनाच्या आनंदाचं म्हणाल तर मेन्शियस सरळ सरळ पुढे आहे. त्याचा ग्रंथ म्हणजे भेटींचा ग्रंथ. इ.स.पू. चौथ्या शतकात, सात मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली असताना, हा माणूस एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जातो आणि राजांना तोंडावर सुनावतो. लियांगचा राजा ह्वेई पहिल्याच भेटीत विचारतो, इतक्या दुरून आलात तर माझ्या राज्याच्या फायद्याचं काही घेऊन आला असाल. मेन्शियस म्हणतो, महाराज, फायद्याचं कशाला बोलता? माणुसकी आणि न्याय आहेत, तेवढं पुरे. राजा फायदा म्हणाला तर सरदार फायदा म्हणणार, सरदार म्हणाले तर प्रजा म्हणणार, आणि मग वरचे खालचे सगळे एकमेकांना ओरबाडणार. ग्रंथ इथून सुरू होतो. पहिल्या पानावरच वाचक त्याचा होऊन जातो.

शुन्झी असा पकडत नाही. तो निबंध लिहितो. एक मुद्दा घेतो, त्याला चारही बाजूंनी ठोकतो, उदाहरणांची माळ लावतो, मग पुन्हा मुद्द्यावर येतो. बत्तीस प्रकरणांपैकी काही तर इतकी पाल्हाळिक आहेत की मीसुद्धा ती पुन्हा उघडलेली नाहीत. विरोधकांवर तो तुटून पडतो, आणि त्या विरोधकांत मेन्शियसचंही नाव आहे. पण त्याचं पहिलंच प्रकरण, शिकण्यावरचं, एकदा वाचून पाहा. निळा रंग नीळीच्या झाडापासून निघतो, पण झाडापेक्षा गडद असतो. बर्फ पाण्यापासून होतो, पण पाण्याहून थंड असतो. दिवसभर नुसता विचार करत बसलो, त्यापेक्षा क्षणभराचं शिकणं जास्त कामी आलं, असं तो स्वतःबद्दल सांगतो. टाचा उंचावून पाहिलं, पण टेकडीवर चढल्यावर जे दिसलं ते तसं दिसलं नाही. उमदा घोडा एका उडीत दहा पावलं ओलांडू शकत नाही, आणि मरतुकडं तट्टू दहा दिवस चालत राहिलं तर मजल गाठतं. या प्रकरणात कुठेही स्वभाव वाईट असल्याची तक्रार नाही. आहे तो एका शिक्षकाचा विद्यार्थ्यावरचा विश्वास.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला, तिच्याकडे येतो. ती मेन्शियसच्या ग्रंथातल्या सर्वांत सुंदर कथेतच आहे.

छी राज्याचा राजा श्वान दिवाणखान्यात बसलेला असतो. खालून एक माणूस बैल घेऊन चाललेला असतो. नवी घंटा घडवलेली असते आणि तिला रक्त लावून पवित्र करायचं असतं, त्यासाठी तो बैल. राजाला बैलाची थरथर दिसते. तो म्हणतो, सोडा त्याला, निरपराध असून मरायला चाललाय, मला बघवत नाही. मग घंटेचा विधी रद्द करायचा का, असं विचारल्यावर राजा म्हणतो, तो कसा रद्द करणार, बैलाऐवजी मेंढा घ्या. लोक म्हणतात राजा चिक्कू आहे, महागाचं जनावर वाचवलं. मेन्शियस मात्र ही गोष्ट ऐकून राजाला म्हणतो, याच मनाच्या जोरावर तुम्ही साऱ्या जगाचे राजे होऊ शकता. बैल तुम्ही पाहिलात, मेंढा पाहिला नाहीत, एवढाच फरक. करुणा तुमच्यात आहे. ती जनावरापर्यंत पोहोचली, प्रजेपर्यंत पोहोचत नाही. आता ती पसरवा, म्हणजे झालं.

राजा विचारतो, हे मला जमेल का? तेव्हा मेन्शियस म्हणतो: ताईशान पर्वत काखेत घेऊन उत्तर समुद्रावरून उडी मारायला सांगितलं आणि कोणी म्हणालं जमत नाही, तर ते खरंच जमण्यासारखं नाही. पण वडीलधाऱ्यांसाठी झाडाची फांदी मोडून आणायला सांगितलं आणि तो म्हणाला जमत नाही, तर तो करत नाही. महाराज, तुमचं या दुसऱ्यासारखं आहे.

माझं घोडं अडलं ते इथे. आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली, त्या काळात मेन्शियस माझ्या उशाशी असायचा. पहिले काही आठवडे त्याचं म्हणणं शब्दशः खरं वाटत होतं. तिचा लुळा हात हातात घेतला की आतून भरून यायचं आणि पुढची कामं आपोआप व्हायची. माझ्यातला तो करुणेचा कोंब मी स्वतः पाहत होतो. मग दिवस लांबत गेले. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, टाचांखाली उशी सरकवायची, पेज चमच्याने भरवायची आणि घोट खाली उतरेपर्यंत मान किंचित पुढे धरून ठेवायची. मध्यरात्री गजर वाजायचा तेव्हा माझ्या मनात करुणा नसायची, फक्त झोप असायची. अशा वेळी मेन्शियस म्हणतो, जमत नाही असं नाही, तू करत नाहीस. हरवलेली कोंबडी, हरवलेलं कुत्रं माणसं शोधायला निघतात, हरवलेलं मन मात्र शोधत नाहीत, असंही तो एके ठिकाणी म्हणतो. ते वाक्य मला दिवसा सुरेख वाटायचं. रात्री ते माझ्यावरचा ठपका होऊन यायचं, कारण ते मन कुठे शोधायचं, कसं शोधायचं, याची वाट तो दाखवत नाही. करुणा पसरवा असं तो राजाला सांगतो, पण थकलेल्या माणसाने ती कशी पसरवायची, यावर त्याच्याकडे माझ्या उपयोगाचं फारसं काही मला सापडलं नाही.

त्या काळात मला धरून ठेवलं ते एका वहीने. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी पट्टी घेऊन रकाने आखून दिले होते: वेळ, कूस डावी की उजवी, पाणी किती, औषध कोणतं, पाठीवर लाली आहे का. वही उशाशी, पेन दोऱ्याने तिला बांधलेलं. गजर झाला की आधी वही उघडायची, शेवटची ओळ वाचायची, ‘डावी’ असेल तर आता उजवी. मनाला काय वाटतंय हे त्या वहीत विचारलेलंच नव्हतं. आणि कितीतरी रात्री असं झालं, की काही न वाटता काम सुरू केलं आणि पाठ पुसता पुसता, तिचा खांदा तळहाताखाली आला की वाटायचं ते सगळं परत यायचं.

हे काय होतं ते मला शुन्झीच्या एकोणिसाव्या, रीतींवरच्या प्रकरणात कळलं. तो म्हणतो, माणूस जन्मतः इच्छा घेऊन येतो. इच्छा पुरी झाली नाही तर तो धडपडतो. धडपडीला माप नसेल तर भांडणं, भांडणातून गोंधळ, गोंधळातून दैन्य. पूर्वीच्या राजांना हा गोंधळ नको होता म्हणून त्यांनी रीती घालून दिल्या, आणि त्या कशासाठी? माणसांच्या इच्छांचं पोषण व्हावं म्हणून. इच्छा दाबण्यासाठी रीत, असं तो म्हणत नाही. पुढे तो रीतीचं काम आणखी नेमकं सांगतो: लांब असेल ते ती छाटते, आखूड असेल ते वाढवते, जास्त झालेलं कमी करते, कमी पडलेलं भरून काढते. तीन वर्षांचं म्हणवलं जाणारं, पण प्रत्यक्षात पंचवीस महिन्यांनी संपणारं आईवडिलांचं सुतक तो याच मापाने समजावतो. काही माणसं अशी की सकाळी गेलेल्या माणसाला संध्याकाळी विसरतात. काही अशी की त्यांना पंचवीस महिने म्हणजे फटीतून चार घोड्यांचा रथ जाताना दिसावा तसे निसटतात, त्यांचं दुःख कधीच संपलं नसतं. दोघांसाठी मिळून एक मधला मुक्काम ठरवला. पहिल्याला तिथवर यावं लागतं, दुसऱ्याला तिथे थांबावं लागतं. आपल्याकडच्या दहाव्या-तेराव्यालाही हे लागू पडतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि याच प्रकरणात, माणसाचा स्वभाव वाईट म्हणणारा हा माणूस लिहितो, की मोठ्या पक्ष्याचा किंवा जनावराचा जोडीदार गेला तर महिन्यांनंतरही ते त्या जागेवर परत येतं, घुटमळतं, ओरडतं, आणि चिमणीसारखा जीवसुद्धा जाण्याआधी थोडा वेळ चिवचिवतो. रक्तामांसाच्या जिवांत माणसाइतकी जाण कोणाला नाही, म्हणून आईवडिलांबद्दलची माणसाची माया मरेपर्यंत सरत नाही. माया आहे हे शुन्झी नाकारत नाही. ती एकटी पुरत नाही, एवढंच तो म्हणतो.

यावर मेन्शियसच्या बाजूने एक आक्षेप येईल आणि तो खुद्द कन्फ्यूशियसच्या तोंडचा आहे. आजकाल आईवडिलांना खाऊ घालणं म्हणजेच सेवा समजतात, पण कुत्र्या-घोड्यांनाही आपण खाऊ घालतोच. आदर नसेल तर दोन्हींत फरक काय? रकाने भरणं म्हणजे नुसतं खाऊ घालणं नाही का? हा प्रश्न मी टाळलेला नाही. मला वाटतं, शुन्झीही इथे कन्फ्यूशियसच्याच बाजूने उभा आहे. भावना आणि तिचं रूप दोन्ही पूर्ण उतरावेत ही त्याची सर्वांत वरची पायरी आहे. त्याच्या खालच्या पायऱ्यांवर कधी भावना वरचढ, कधी रूप. पण तो त्या खालच्या पायऱ्यांनाही जागा देतो आणि पाय रोवायला काहीतरी हातात देतो. मेन्शियसकडे मला ती जागा सापडली नाही. कदाचित ज्यांची माया सहज आटत नाही त्यांना ती लागतही नसेल.

मेन्शियसवर अन्याय होऊ नये म्हणून बैल पर्वताची गोष्टही सांगायला हवी. छीच्या राजधानीबाहेर हा डोंगर. एके काळी गर्द झाडीचा. शहराजवळ असल्यामुळे रोज कुऱ्हाडी चालल्या. रात्रीच्या दवाने, पावसाने पुन्हा कोंब फुटत, पण ते गुरं-मेंढरं खाऊन टाकत. शेवटी डोंगर बोडका झाला आणि लोक म्हणू लागले, इथे कधी झाडी नव्हतीच. माणसाचंही असंच, असं तो म्हणतो. परिस्थितीचा मार त्याला कळत नव्हता असं मुळीच नाही. या एका उताऱ्यासाठी मी कोणालाही मेन्शियस भेट देईन. पण डोंगराला राखायचं कसं, कुंपण कुठे घालायचं, गुरं कधी सोडायची, हे विचारायला मला पुन्हा शुन्झीकडेच जावं लागतं. तागाच्या दाट शेतात उगवलेलं वेडंवाकडं तण आधाराशिवाय सरळ वाढतं, असं तो पहिल्या प्रकरणात सांगून गेलेला असतो.

राजकारणात मेन्शियसचं पारडं जड आहे असं सगळे म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. प्रजा सर्वांत मोलाची, मग राज्याची दैवतं, राजा सर्वांत हलका, हे त्याचंच म्हणणं. जुलमी राजा जोऊ याला मारणं म्हणजे राजहत्या का, असं विचारल्यावर तो म्हणाला, जोऊ नावाच्या एका एकाकी माणसाला मारल्याचं ऐकलंय, राजाला मारल्याचं ऐकलेलं नाही. हे इतकं धारदार होतं, की मिंग घराण्याच्या संस्थापकाने, सम्राट हूंगवूने, १३९४ मध्ये त्याच्या ग्रंथातले ८५ उतारे गाळून आवृत्ती काढायला लावली. पोटाचं तो जे सांगतो तेही विसरू नये: सामान्य माणसाला कायमची उपजीविका नसेल तर त्याचं मन कायम राहत नाही. त्याला उपाशी ठेवून गुन्ह्यात ढकलायचं आणि मग शिक्षा करायची, म्हणजे प्रजेसाठी जाळं लावायचं. राज्यकर्त्याला असं खडसावणारं दुसरं कोणी हवं असेल तर त्या काळात तरी तुम्हाला फार शोधावं लागेल.

पण शुन्झीलाही इथे कमी लेखू नका. राजा म्हणजे नाव, प्रजा म्हणजे पाणी, पाणीच नावेला तरंगवतं आणि पाणीच बुडवतं, हे वचन त्याच्या नवव्या प्रकरणात येतं. जुलमी राजांना मारणं म्हणजे एकाकी माणसाला मारणं, हे तोही म्हणतो. आणि त्याने एक गोष्ट केली जी मेन्शियसने केल्याचं त्याच्या ग्रंथात दिसत नाही. तो त्या सात राज्यांपैकी एका, छिन राज्यात गेला आणि डोळे उघडे ठेवून पाहिलं. तिथल्या मंत्र्याने विचारलं, आमच्या राज्यात काय दिसलं? शुन्झीने मोकळेपणाने सांगितलं: लोक साधे, गाणी आणि कपडे भडक नाहीत, अधिकारी घरातून निघतात ते कचेरीत जातात आणि कचेरीतून घरी येतात, मध्ये खाजगी भानगडी नाहीत, गट नाहीत, दरबारातली कामं पडून राहत नाहीत. आणि मग शेवटी: तरीही खऱ्या राजाच्या मापाने पाहिलं तर हे राज्य फार मागे आहे, कारण इथे कन्फ्यूशियसच्या वाटेची माणसं नाहीत. ज्या राज्याची त्याला धास्ती होती, त्याच्यातलं चांगलं त्याने आधी पूर्ण मोजून दाखवलं. राज्यकारभाराबद्दल लिहिणाऱ्या माणसाकडून मला हवं असतं ते हेच. त्याच छिनने इ.स.पू. २२१ मध्ये सगळी राज्यं गिळून चीन एक केला आणि पंधरा वर्षांत ते घराणं कोसळलं.

इथे शुन्झीच्या अंगाला चिकटलेला मोठा डाग येतो. छिनचा पंतप्रधान ली स हा त्याचा शिष्य, आणि कडक कायदा-शिक्षेचं तत्त्वज्ञान लिहिणारा हान फेई हाही त्याचाच शिष्य. स्वभाव वाईट म्हटलं की शेवटी दंडुका येतो, असा निष्कर्ष लोक यावरून काढतात. मला तो घाईचा वाटतो. पंधराव्या प्रकरणात हाच ली स त्याला म्हणतो, छिन चार पिढ्या जिंकत आलंय ते माणुसकीने नव्हे, सोयीचं ते करून. शुन्झी त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो: तू ज्याला सोय म्हणतोस ती गैरसोयीची सोय आहे. शिष्याने ऐकलं नाही, याचा दोष गुरूवर किती घालायचा हे ज्याने त्याने ठरवावं.

एक अडचण मात्र मी नाकारत नाही. सगळ्यांचाच स्वभाव ओबडधोबड असेल, तर पहिल्या ऋषिराजांनी या रीती कुठून आणल्या? शुन्झी म्हणतो, कुंभार मातीचं भांडं घडवतो, ते त्याच्या कसबातून येतं, स्वभावातून नाही. तसंच रीतींचं. उत्तर ठीक आहे, पण पोट भरत नाही. शिवाय गुरूवर त्याची सगळी भिस्त, आणि गुरूच वाईट निघाला तर काय? अशा वेळी मेन्शियसचा माणूस अधिक ताठ उभा राहतो: श्रीमंतीने न बिघडणारा, गरिबीने न डगमगणारा, जबरदस्तीपुढे न वाकणारा. तुम्ही एखाद्या बिघडलेल्या संस्थेत एकटे लढत असाल, तर खरं सांगतो, मेन्शियसच घ्या.

घराच्या बाबतीत पारडं पुन्हा फिरतं. सम्राट शुनच्या बापाने खून केला तर शुनने काय करावं, असं मेन्शियसला विचारतात. तो म्हणतो, न्यायाधीशाला बापाला पकडू द्यावं, अडवू नये. मग फाटकी वहाण टाकावी तसं राज्य टाकून द्यावं, बापाला गुपचूप पाठीवर घेऊन समुद्रकाठी पळून जावं आणि तिथे आनंदात राहावं. त्यातला ओलावा मला कळतो. पण मेलेल्या माणसाच्या घरच्यांचं नाव त्या उत्तरात कुठेच नाही, आणि ते मला दरवेळी खुपतं. शुन्झीच्या ग्रंथात, मुलाच्या कर्तव्यावरच्या प्रकरणात, वेगळंच वचन आहे: राजापेक्षा सन्मार्गाचं ऐकावं, बापापेक्षा न्यायाचं ऐकावं. आज्ञा पाळल्याने आईवडिलांना धोका होणार असेल, त्यांची नाचक्की होणार असेल किंवा आपल्याला जनावरासारखं वागावं लागणार असेल, तर न पाळणारा मुलगाच खरा. मोठ्यांपुढे मान खाली घालणं म्हणजेच कन्फ्यूशियस, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

आणि पाऊस. सतरावं प्रकरण आकाशावर आहे. आकाशाची चाल ठरलेली आहे, ती सज्जन याओमुळे चालू राहत नाही आणि दुष्ट जिएमुळे बंद पडत नाही. पावसासाठी विधी केला आणि पाऊस पडला, तर त्याचं कारण? काही नाही, विधी न करता पडतो तसाच पडला. मग विधी बंद करा, असं शुन्झी म्हणत नाही. दुष्काळात माणसांनी एकत्र येऊन काहीतरी करणं त्याला शोभादायक वाटतं. सामान्य लोक त्याला दैवी मानतात, जाणता माणूस त्याला माणसांनी घडवलेली शोभा मानतो, आणि शोभा मानणं शुभ, दैवी मानणं अशुभ, असं तो सांगतो. अंधश्रद्धा नको पण रीत सोडवत नाही, अशा पेचात सापडलेल्या घरात मी वाढलो. इतकं समंजस उत्तर मला इतर कुठे मिळालं नव्हतं.

इतिहासाने मात्र कौल दिला तो मेन्शियसला. १०८४ मध्ये दोघांनाही कन्फ्यूशियसच्या मंदिरात मान मिळाला. पुढे बाराव्या शतकातल्या जू शी या भाष्यकाराने मेन्शियसला कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या चार मूळ ग्रंथांत बसवलं, १३१३ पासून ते ग्रंथ सरकारी परीक्षांचा पाया झाले, आणि १९०५ मध्ये परीक्षा बंद होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांनी मेन्शियस पाठ केला. शुन्झीला १५३० मध्ये मंदिरातून बाहेर काढलं. म्हणून आजही मेन्शियसवर बोलायला माणसं भेटतात, भाष्यं भरपूर मिळतात. शुन्झी बहुतेक एकट्यानेच वाचावा लागतो. वाचनमंडळात वाचायचं असेल तर हा फरक लहान नाही.

तर ठरवताना स्वतःला विचारा, तुम्हाला अडचण कुठे येते. चांगलं वागायची ऊर्मी येते पण लोक, संस्था, वरिष्ठ आड येतात, असं असेल तर मेन्शियस तुमचा. ऊर्मीच टिकत नाही, सुरुवात होते आणि मग रेटा संपतो, घरात दीर्घ आजारपण आहे, वर्गात रोज तीच मुलं आणि तोच धडा आहे, तर मी शुन्झीच सुचवेन. माझ्या आसपास दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त दिसतात. कदाचित मी स्वतः तसा आहे म्हणूनही असेल.

मेन्शियस घेतलात तर इंग्रजीत डी. सी. लाव यांचं भाषांतर सोपं पडतं. पहिला भाग आणि सहावा भाग आधी वाचा, बैल आणि डोंगर दोन्ही त्यांत आहेत. शुन्झीसाठी बर्टन वॉटसन यांनी निवडलेली दहा प्रकरणं सुरुवातीला पुरतात. संपूर्ण हवा असेल तर एरिक हटन यांचं २०१४ चं भाषांतर आहे. पहिलं प्रकरण, मग एकोणिसावं, मग सतरावं, या क्रमाने जा. स्वभाव वाईट असल्याचं प्रसिद्ध तेविसावं प्रकरण सगळ्यांत शेवटी ठेवा. आधी ते वाचलंत तर चिमणीपर्यंत पोहोचायच्या आत पुस्तक मिटून ठेवाल.